राणी तसं म्हणालीच नव्हती

नववीच्या वर्गाला फ्रेंच राज्यक्रांती शिकवताना मी दरवर्षी एका गोष्टीसाठी घसा कोरडा करते. 'पाव मिळत नसेल तर केक खा' असं फ्रान्सची राणी म्हणाली होती, याला काडीचाही पुरावा नाही. तिच्या आधीही बड्या घरच्या बायांच्या तोंडी असलीच वाक्यं घातलेली सापडतात. मुलं माना डोलावतात आणि परीक्षेत झाडून सगळी केकच लिहितात. यंदा तर एका मुलीने उभं राहून विचारलं, "मॅडम, म्हणाली नसेल, पण होती तर तशीच ना?" वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही, कारण जवळजवळ हेच शब्द मी आदल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऐकून आले होते.

आमची सोसायटी नागपुरात, कोराडी रोडवर. गॅलरीत वीज केंद्राची राख आणि उन्हाळ्यात पाण्याची बोंब, या दोन गोष्टी आम्हाला फ्लॅटसोबत फुकट मिळाल्या. टाकीच्या व्हॉल्व्हची चावी वर्षानुवर्षं अध्यक्षांच्या कमरेला. माणूस वाईट नव्हता, पण कुणाला काही विचारायची त्यांना सवयच नव्हती. मागून सगळे त्यांना 'राजे' म्हणत. यंदा मे महिन्यात टाकी कोरडी पडली आणि त्यांच्या गुलाबांना मात्र पाइप लावलेला लोकांनी पाहिला. झालं! सभेत इतका आरडाओरडा झाला की त्यांनी चावी टेबलावर ठेवली आणि खाली मान घालून घरी गेले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. चावी सगळ्यांची असायला हवीच होती.

धक्के बसले ते त्यानंतर. टेबलावरची चावी ज्याने पुढे होऊन उचलली, तो आपल्याच विंगला जास्त पाणी सोडतो म्हणून महिनाभरात हाकलला गेला. त्याला हाकलणाऱ्यावर लगेच तोच आळ. पाऊस लागला, टाकी भरून वाहू लागली, तरी लोकांचा राग काही उतरेना. इकडे वर्गात धडा पुढे सरकत होता. राजाचं मुंडकं उडालं, त्याने कुणाचं पोट भरलं नाही, मग राणीचं उडालं, मग ज्यांनी त्या दोघांना गिलोटिनवर पाठवलं त्यांचंही. सकाळी जे फळ्यावर लिहायचं ते संध्याकाळी गेटवर बघायचं, असं चाललं होतं.

आणि आमच्याकडेही पाळी राणीवर आली. राणी म्हणजे अध्यक्षांची बायको. मी त्यांना वहिनी म्हणते. मे महिन्यात तिसऱ्या मजल्यावरची एक बाई कडेवर तान्हं लेकरू घेऊन गेटजवळ रडकुंडीला आली होती. मी भाजीची पिशवी घेऊन तिथेच उभी होते. वहिनी तिला म्हणाल्या, "नळाले पाणी नसन तं आमच्याकडचा कॅन घेऊन जाय वं, लेकराले बाटलीतलंच पाज." कॅन त्यांनी स्वतः लिफ्टपर्यंत ओढत नेला.

त्या रविवारच्या मीटिंगमध्ये हेच वाक्य मधला कॅन गाळून माझ्यासमोर आलं. "म्हणे, नळाले पाणी नसन तं बाटलीतलं पाजा! इतका माज!" मी ताडकन उठले. म्हटलं, मी तिथे होते, त्यांनी कॅन दिला. नवा सेक्रेटरी म्हणाला, "मॅडम, तुम्ही काहून तिची बाजू घेऊन राहिल्या?" मी त्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईकडे बघितलं. ती मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती, तिने वर पाहिलंसुद्धा नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हटलं नसन, पण आहे तं तशीच ते!" सगळे हसले.

मग सोसायटीने वहिनींशी बोलणं बंद केलं. भिशीतून नाव गेलं, मंदिरात त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. मी मुद्दाम रोज त्यांच्याकडे जाऊन बसत असे. एकदा त्या म्हणाल्या, "तू येतं म्हणून राहावं वाटते इथं. नाही तं सावनेरले लेकीकडे गेली असती मी."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना फितूर झालेली राणी असं सांगतात. तिची मिरवणूक काढून तिला जाळतात. सोबत चालू काळातल्या नकोशा माणसांचे पुतळे असतात, ते बडगे. मी हा सण लहानपणापासून नाचत साजरा केलाय. आमच्या सोसायटीतही एक छोटा बडग्या होतो आणि त्यासाठी पोरं घरोघरी जुने कपडे मागत फिरतात.

त्या सकाळी ढोल वाजला म्हणून मी खाली उतरले. बडग्याला साडी नेसवली होती. हातात पाण्याची बाटली, गळ्यात पाटी, 'नळ नाही? बाटली प्या!' लोक टाळ्या पिटत ओरडत होते, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" वहिनी आज बाहेर येऊ नयेत, एवढंच मी मनात घोकत होते.

त्या आल्या. पोळ्याला दारात लावलेल्या पळसाच्या फांद्या आज बाहेर टाकायच्या असतात, त्या हातात होत्या. ढोल अडखळला. वहिनींनी पाटी वाचली की नाही कोण जाणे. त्या साडीचा पदर बोटांत धरून बघत राहिल्या. हिरवी, विरलेल्या काठाची. मग माझ्याकडे वळल्या.

"हे तं तुले देल्ली होती नं वं म्या? तुयाच वास्तुशांतीले?"

साडी माझीच होती. पोरं कपडे मागायला आली तेव्हा मी शाळेत होते आणि नवऱ्याने जुन्या कपड्यांचं गाठोडं न बघताच उचलून दिलं होतं. एवढं सगळं एका दमात सांगायला गेले, पण तोंडातून इतकंच निघालं, "वहिनी, मी नाही दिली हो."

"असन," त्या म्हणाल्या. "पण साडी तं तुयीच आहे."

फांद्या तिथेच टाकून त्या आत गेल्या. पुढच्याच रविवारी त्यांच्या दारात सावनेरचा टेम्पो उभा होता.