बिनतारखेचा राजीनामा

भांडण पंचवीस वर्षांपूर्वीचं. पनामा शहरातल्या एका उंच इमारतीत, अकराव्या मजल्यावर, एलिदिया आब्रेगो कॉफीचा ट्रे घेऊन दाराबाहेर उभी होती आणि आत वकील तापिया आणि त्यांची बायको मिर्ता यांची जुंपली होती.

"माझं नाव काढा म्हणते ना त्या सगळ्या कंपन्यांतून," मिर्ता म्हणत होती. "काल कुरियरवाला घरी आला. कुठल्याशा देशाच्या कोर्टाचं पाकीट, माझ्या नावाचं. त्या देशाचं नाव मला धड घेता येत नाही, आणि म्हणे मी तिथे लोकांना बुडवलं."

"अगं, कागदावरच तर आहेस तू."

"मग कागदावर दुसरीला बसवा."

"कुणाला बसवू? माणूस विश्वासाचं लागतं."

"ती कॉफी आणते ती नाही का? सही वळणदार आहे, तोंड उघडत नाही, आणि पाकीट आलंच तर कुरियरवाल्याला तिचं घर सापडायचं नाही."

दोघं हसली. भांडण मिटलं. तोवर कॉफी निवली होती, ती एलिदियाने पुन्हा गरम करून आणली. पुढच्या सोमवारी ती तीन कंपन्यांची अध्यक्ष झाली.

तिनाच्या तीस झाल्या, तिसाच्या तीनशे. कुणाची जहाजं, कुणाची गोदामं, कुणाचा समुद्राकाठचा बंगला. एकही तिने डोळ्यांनी पाहिलं नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, हिच्या हाती तोही नव्हता. नाताळला ऑफिसातून डुकराच्या मांडीचा एक अख्खा हॅम मिळायचा, तो डोक्यावर धरून ती सान मिगेलितोच्या टेकडीवरच्या एकशे बारा पायऱ्या चढायची, आणि बहीण चाबेला वरून ओरडायची, "आल्या का अध्यक्षबाई? विमान कुठे लावलं?"

दर कंपनीला तिच्या दोन सह्या लागत. एक खुर्चीवर बसल्याची, दुसरी खुर्ची सोडल्याची. दुसरीवर तारीख नसायची. ते सगळे राजीनामे तापियांच्या लोखंडी कपाटात पडून असत. संकट आलं की हवी ती जुनी तारीख घालायची, म्हणजे बाई तिथे नव्हतीच. लोक पाऊस आला की छत्री उघडतात, हे वकील नेमकी तेव्हाच मिटून ठेवत.

कागद नोटरीकडे आणि तिथून नोंदणी कार्यालयात पोचवायचं कामही एलिदियाचंच. पहिल्याच दिवशी तापियांनी बजावलं होतं, "रजिस्टरात चढेपर्यंत कागद म्हणजे पुसायचं फडकं. वाटेत रस पीत उभी राहू नकोस."

ती कधी राहिली नाही.

मग एका मे महिन्यात ते पत्र आलं. हाताने लिहिलेलं, स्पॅनिशमध्ये, थेट तिच्या नावाने. लिहिणारा सेलेस्तिनो आर्सू, होंडुरासचा, जहाजावरचा आचारी. जहाज एका दूरच्या अरबी बंदराबाहेर चौदा महिने नांगर टाकून उभं होतं. मालक नाहीसा झाला होता. अकरा माणसं वर अडकली होती, कारण मालकाच्या लेखी परवानगीशिवाय बंदराचे लोक कुणाला उतरू देत नव्हते. पावसाचं पाणी ताडपत्रीत धरून पीत होते. बंदरातल्या एका पाद्र्याने वकिलाकडून मसुदा करून घेतला होता, तोही सोबत होता. जहाज विकून टाका, माणसांना घरी सोडा, इतकंच त्यात होतं. खाली अध्यक्षांची सही हवी होती, नोटरीच्या शिक्क्यासकट. शेवटी आर्सूने लिहिलं होतं, "बाई, जहाजाच्या सगळ्या कागदांवर तुमचं नाव आहे. तुम्ही खरोखर आहात का?"

त्या दिवसापासून एलिदियाचा जीव थाऱ्यावर राहिना. बसायला गेली की उठावंसं वाटे, उठली की कशाला उठले ते आठवेना. मेट्रोतून स्वतःचं स्टेशन सोडून पुढे गेली. एकाच कागदाची छायाप्रत दोनदा काढली. नळ सुरू असला की तिला ताडपत्री आठवे. घरी भात लागला.

"तळाची खरपूड मला आवडते," चाबेला म्हणाली, "पण ही शेगडीत घालायची वस्तू झालीय. काय झालंय तुला?"

एलिदियाने पत्र वाचून दाखवलं. चाबेला बराच वेळ भांडं खरवडत राहिली.

"पेन्शनला तुझे सात महिने उरलेत. तोंड मिटून बस."

"पंचवीस वर्षं मिटलेलंच आहे."

"मग आता काय टोचतंय?"

"त्याने विचारलंय, मी आहे का म्हणून."

"आहेस की. भात करपवतेस म्हणजे आहेसच," चाबेला म्हणाली, पण पुढे तिलाही जेवण गेलं नाही.

सकाळी एलिदिया पत्र घेऊन तापियांपुढे उभी राहिली. "साहेब, माणसं अडकलीत. मालकाला सांगता येईल का?"

तापियांनी पत्र वाचलं आणि चष्मा काढला. "मालक वर्षभर फोन उचलत नाही. म्हणजे तो सुटला. आता आपण सुटायचं." ते उठले, कपाटातून एक राजीनामा शोधून काढला, त्यावर दोन वर्षांपूर्वीच्या मार्चची तारीख घातली आणि फुंकर मारून शाई वाळवली. "घे. त्या जहाजाची तू आता कुणी नाहीस. आजच रजिस्टरात चढव."

"आणि ती अकरा माणसं?"

"एलिदिया, जगात जहाजं खूप आहेत." पत्र त्यांनी कागद कातरायच्या यंत्रात घातलं.

मसुदा मात्र तिच्या पिशवीतच राहिला होता. विसरला की ठेवला, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

नोटरीच्या खिडकीत गुमे होता, वीस वर्षांच्या ओळखीचा कारकून. "काय अध्यक्षबाई, आज कुठला देश विकत घेताय?"

"दोन कागद आहेत. आधी हा."

गुमेने वाचलं, दुसराही वाचला आणि मान वर केली. "वरचा जहाज विकायचा, खालचा स्वतःच जहाजावरून उतरायचा. आणि खालच्यावर तारीख दोन वर्षांपूर्वीची."

"तारीख असेना कधीची. रजिस्टरात काय आहे ते बघ."

त्याने संगणकात पाहिलं. "अजून तूच आहेस. तापियांना माहीत आहे?"

"अध्यक्षाला कुणाची परवानगी लागते का रे?"

"बाई, याची प्रत मी त्या बंदरात पाठवली की आज संध्याकाळपर्यंत साहेबांचा फोन वाजेल. मग उद्या तुझ्या टेबलावर दुसरी कुणी बसेल."

"पाठव. मूळ कागद मी कुरियरने घालते. आणि शिक्क्यावर वेळ लिही, कुठला कागद आधीचा ते दिसू दे."

पेन हातात घेतल्यावर तिने थांबून तो मसुदा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. पंचवीस वर्षांत सहीआधी वाचलेला तो तिचा पहिला कागद. मग सही केली, तिचं नेहमीचं वळण बिघडलं. गुमेने शिक्का मारला, दहा वाजून चाळीस मिनिटं लिहिलं आणि मग दुसऱ्या कागदावरही मारला.

ती माणसं सप्टेंबरात घरी पोचली, हे तिला कळायला वर्ष गेलं. तोवर तिची नोकरी गेली होती, आणि तिने आणि चाबेलाने दारात तामाल, पानात उकडलेले मक्याचे उंडे, विकून पेन्शनपर्यंतचे सात महिने कसेबसे ढकलले होते. पण ते पुढचं. त्या सकाळी अजून राजीनामा पोचायचा होता.

कुरियरवाल्याकडून ती नोंदणी कार्यालयात गेली. रांगेचा नंबर घेतला, खुर्चीवर बसली, उठली, पुन्हा बसली. नंबर आला तसा राजीनामा खिडकीतून आत सरकवला, नोंद नीट चढली की नाही ते नेहमीसारखं विचारून घेतलं, पावतीवरचा शिक्का उजेडात धरून पाहिला. येताना कोपऱ्यावरच्या गाडीवरून साहेबांची कारिमान्योला घेतली, खिमा भरलेली, गरम. पावती त्यांच्या टेबलावर ठेवली, शेजारी बशी ठेवली.

"उशीर झाला," तापिया वर न बघता म्हणाले.

"रांग होती, साहेब," ती म्हणाली आणि कॉफी टाकायला आत गेली.