करकंबच्या पाण्यावरचा निबंध

"असं दिसतंय खरं," सर म्हणायचे आणि चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायला लागायचे. चष्मा परत नाकावर चढला की उरलेलं वाक्य यायचं, "पण बघू परत एकदा."

सोलापूरच्या आमच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवायचे. सत्तरच्या दशकात मी तिथं नवा अधिव्याख्याता म्हणून लागलो, तेव्हा स्टाफरूममध्ये मला लगेच सावध करण्यात आलं. "त्यांच्याबरोबर काम करताय? जपून," वनस्पतिशास्त्राचे प्रमुख म्हणाले. "चादरींच्या रंगावर त्यांचा शोधनिबंध, मेंढ्यांच्या गोचिडांवर त्यांचा, विहिरींच्या पाण्यावरही त्यांचाच. एवढं सगळं एका माणसाला येतं कसं?"

असली कुजबुज तुम्हीही ऐकली असेल. एका विषयात नाव झालं तर हुशारी, तिसऱ्यात झालं की लबाडी. सरांच्या निबंधांच्या प्रती मागणारी कार्डं परदेशातून यायची. तीही ते ओळखीपाळखीनं मागवून घेतात, असं बोललं जायचं. मीसुद्धा डोळे उघडे ठेवूनच त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत होतो.

पण संशय घेण्यात सरांचा हात कुणी धरला नसता. नवी पेठेत वहिनींबरोबर साडी घ्यायला गेले की ते रुमालाचं टोक पाण्यात भिजवून काठावर घासायचे. रुमालावर उतरलेला रंग बघून दुकानदार हात जोडायचा. "सर, तुमी पलीकडच्या दुकानात जावा की!" वहिनी तोवर रस्त्यावर पोचलेल्या असायच्या.

पाण्यावरचा निबंध सगळ्यांत गाजला. करकंब गावच्या काही विहिरींत बोरॉन जास्त आहे, उसाला ते सोसणार नाही, असं त्यात होतं. शेतीवाल्यांनी तो उचलला, भूगर्भवाल्यांनी उचलला, डॉक्टर मंडळींच्या नियतकालिकांतही त्याचे हवाले यायला लागले. प्राचार्यांनी सत्कार ठरवला. वनस्पतिशास्त्राचे प्रमुख स्वागत समितीत जाऊन बसले.

त्याच सुमारास एका दुपारी सर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"गोड विहीर आणि खारी विहीर. दोन्हींत बोरॉन जवळपास सारखंच कसं?"

"निबंध छापून झालाय, सर."

"म्हणूनच विचारतोय."

त्यांनी जुन्या काचेच्या बाटल्यांत शुद्ध पाणी भरून, विहिरीच्या पाण्यासारखं व्हावं म्हणून त्यात चिमूटभर सोडा घालून, उन्हाळाभर कपाटात ठेवलं होतं. त्या पाण्यातही बोरॉन निघालं. प्रयोगशाळेच्या काचेत ते असतंच, आणि विहिरींचे नमुने महिनोन्‌महिने त्याच काचेत पडून होते.

आम्ही प्लास्टिकचे डबे घेऊन एसटीनं करकंबला गेलो. विहिरीचे मालक आप्पा, उंच आणि सावकाश बोलणारे, सरांना ओळखून पुढं आले.

"परत आलासा? पाणी आणखी बिघडलं व्हय?"

"पाणी बिघडलेलं नसावं, आप्पा. मोजणारा चुकला असेल."

आप्पांना ते पटकन उमगलं नाही. उमगलं तेव्हा म्हणाले, "तुमी सांगितलं म्हणून ऊस मोडला की मी. थोरला भाऊ नको म्हणत व्हता. त्याच्याशी भांडून मोडला."

सर उन्हात नुसते उभे राहिले. चष्म्याकडं हात गेला नाही. "पक्कं कळलं की मी स्वतः येऊन सांगेन," एवढंच म्हणाले.

पाणी चांगलं निघालं. सर पुन्हा करकंबला गेले; मी बरोबर होतो. दोघा भावांसमोर बसून त्यांनी आपली चूक सांगितली. आप्पांनी ऐकून घेतलं. थोरला मधेच उठून गेला. चहा कुणी विचारला नाही.

निबंध मागे घेतो, असं सरांनी प्राचार्यांना सांगितलं. प्राचार्यांनी आधी दार लावून घेतलं.

"कुणाला कळणार आहे?"

"त्या आकड्यांवर लोक पुढची कामं करतायत, साहेब."

"निदान सत्कार तरी होऊ द्या."

"कशाचा?"

सत्कार रद्द झाला. "कुणीतरी पकडलं असणार," स्टाफरूममध्ये ठरलं. "आपण होऊन कोण कबूल करतो?" चादरींचा निबंध, गोचिडांचा निबंध, ज्यांचं एक पान कुणी उघडलं नव्हतं, तेही खोटे ठरले. सर वर्गावर यायचे, शिकवायचे, जायचे. स्टाफरूममध्ये येणं त्यांनी सोडून दिलं.

पाण्याच्या निबंधाचे हवाले मात्र थांबले नाहीत. मागे घेतल्याची छोटी सूचना कुणाच्या नजरेला पडली नव्हती. जो निबंध सरांना नको होता, त्यानंच त्यांचं नाव सगळ्यांत लांब नेलं. असा हवाला दिसला की ते मासिक मिटून टाकायचे.

निवृत्तीनंतर सर टेंभुर्णीला धाकट्या भावाकडं राहायला गेले आणि फार दिवस न जाता तिथंच वारले.

त्यानंतर एका सकाळी कॉलेजच्या फाटकाशी आप्पा उभे दिसले. हातात पाण्यानं भरलेला डबा. शेतात नवी विहीर पाडली होती.

"सर कुटं हायत?"

मी सांगितलं. ते पायरीवर बसले. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

मी हात पुढं केला. "द्या इकडं. मी तपासून देतो."

आप्पांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आन चुकलं, तर तुमी येणार का सांगाया?"

"येणार की."

आप्पा डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून तसेच बसून राहिले.