वहीतून गेलेलं अठ्ठेचाळीस साल

दिल्लीत घटनेत दुरुस्ती झाली आणि छप्पन्नच्या नोव्हेंबरात आम्ही हैदराबादचे मुंबईचे झालो. धाराशिवच्या आमच्या कचेरीत पेढे वाटले. मीही दोन खाल्ले. त्या दुरुस्तीचं ओझं माझ्याच टेबलावर येऊन पडणार आहे, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं?

गावोगावच्या जमिनीच्या उर्दू वह्या मराठीत उतरवायचा हुकूम आला. मला दोन्ही लिपी येत, म्हणून तेरकडच्या गावांचं काम माझ्या गळ्यात पडलं. माझी नेमणूक तात्पुरती होती आणि मुंबई सरकारच्या कायम यादीत नाव लागायचं होतं, म्हणून मी हात भरभर चालवला.

निजामाच्या दफ्तरात फसली साल चाले. त्यात पाचशे नव्वद मिळवले की इंग्रजी साल निघतं, हे आम्हा कारकुनांना तोंडपाठ. पण फसली साल ऑक्टोबरात बदलायचं. त्यामुळं त्यातले नऊ महिने पुढच्या इंग्रजी सालात पडत आणि त्यांना पाचशे एक्क्याण्णव मिळवावे लागत. मी आंधळ्यासारखे सगळीकडे नव्वदच मिळवले. शेवटचं फसली साल बहुतेक अठ्ठेचाळिसात पडत होतं, ते सत्तेचाळीस झालं. त्याखालची नोंद नव्या पद्धतीची, थेट इंग्रजी सालाची होती, एकोणपन्नासची. मधलं अठ्ठेचाळीस वहीतून गेलं आणि मला पत्ताही लागला नाही.

पत्ता लागला तो तहसीलदारांसमोर. एका विधवा कुळाची सुनावणी होती. जमीन सलग कसली असेल तरच कायदा तिला राखणार होता. मी माझी मराठी वही घेऊन उभा होतो. जमीनमालकाच्या वकिलानं पानावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "अठ्ठेचाळीस साली बाईंची कसणूक नाही." त्याच क्षणी मला माझी चूक दिसली.

तहसीलदार नवे होते, पण वाईट नव्हते. समजुतीनं म्हणाले, "रझाकारांचं साल ते. गावंच्या गावं सोलापूरकडं पळाली होती. तुम्हीही गेला असाल, बाई."

"न्हाय जी. लोक गेले. आमी न्हाय गेलो. जोंधळा उभा व्हता, त्यो टाकून कसं जावं? म्या अन् मालकानं भीत भीत काढला." मालक म्हणजे तिचा नवरा. तो आता नव्हता.

तहसीलदारांनी माझ्याकडं पाहिलं. "कारकून, नोंद बरोबर आहे ना?"

मी मान हलवली. होय म्हणून. आजही ती मान आठवली की स्वतःचीच किळस येते.

निकाल तिच्या विरुद्ध गेला. बाहेर लिंबाखाली ती माझ्यासाठी थांबली होती. तिला वाटलं, मी वहीवाला, मला माहीत असेल.

"सायब, तुमी त्या साली कुठं व्हता?"

"इथंच. धाराशिवात."

"मंग आमी कुठं गेलो व्हतो?"

मी म्हणालो, वरती अपील करता येतं. ती पदर सावरून तेरच्या वाटेला लागली. मूळ उर्दू वही आतल्या कपाटात होती आणि त्या कपाटाची किल्ली माझ्या कनवटीला.