जोडीचा फोटो

शुक्रवारी दुपारी शीला हॉस्टेलच्या खोलीत नैवेद्याचे हरभरे निवडत बसली होती. अर्धे ताटात आले होते, अर्धे पिशवीतच होते. तेवढ्यात शरफुन्निसानं एक पाकीट तिच्या मांडीवर टाकलं. काल दवाखान्याच्या टपालातून उचललं आणि गॅस मास्कच्या पिशवीत तसंच राहून गेलं, म्हणाली. शरफुन्निसा हैदराबादची. दोघी रियाधच्या एकाच दवाखान्यात नर्स, खोलीही एकच.

पाकीट नाशिकहून आलं होतं. आखाती लढाईच्या धांदलीत महिनाभर कुठेकुठे फिरलं असावं. आत रत्नाकरचं पत्र. रत्नाकर म्हणजे नऊ वर्षांपूर्वी कोर्टानं ज्याच्यापासून तिला मोकळं केलं तो नवरा. सरकारी कचेरीत हेडक्लार्क, फेब्रुवारीअखेर निवृत्त होणार. पेन्शनच्या फॉर्मवर पत्नीच्या तीन नमुना सह्या हव्यात, ताबडतोब करून पाठव, कुणाजवळ बोलू नको, एवढंच लिहिलं होतं. फॉर्मला पती-पत्नीचा एकत्र फोटो लागतो म्हणून तोही चिकटवला होता. स्टुडिओवाल्यानं जोडून दिलेला. रत्नाकर सफारीत, टक्कल पडलेला, अठ्ठावन्न वर्षांचा. शेजारी शीला, लग्नानंतरच्या वर्षातली, दोन वेण्यांची.

शरफुन्निसानं फोटो उजेडात धरून पाहिला. "छोड़ दिये सो आदमी अब बाजू बिठा लिये? अच्छा दिखरा फोटो. बाप-बेटी."

शीलाला हसू येईना. इथे रोज बाँब पडतोय की काय म्हणून मास्क उशाशी घेऊन निजायचं, आणि या माणसाला फोटो सुचतोय. नऊ वर्षांत त्यानं कचेरीत घटस्फोटाचं सांगितलंच नव्हतं. सेवापुस्तकात अजून तीच पत्नी होती. साहेब विचारायचे तेव्हा हा ऐटीत सांगायचा, मिसेस सौदीला असतात.

तरी खोटं कशाला बोला, घडीभर तिचा हात पेनाकडे गेलाच. वय अठ्ठेचाळीस, नोकरी करारावरची, म्हातारपणी हाताशी काही नाही. घटस्फोटितेला नवऱ्याच्या पेन्शनवर हक्क नसतो, हे वकिलानं तेव्हाच सांगितलं होतं. सही केली तर रत्नाकरच्या माघारी ती मिळेल, आणि त्याला दोनदा छातीत दुखून गेलं होतं. तिनं कपाटाचं दार उघडून आतल्या देवीच्या तसबिरीकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. मग फॉर्म नीट वाचायला घेतला. कुटुंबीयांच्या रकान्यात एकच नाव होतं, सौ. शीला. नूपुरचं नव्हतं. सतरा वर्षांची, मामाकडे राहून शिकणारी त्यांची मुलगी, तिचं नावच नव्हतं.

संध्याकाळी ती खालच्या फोनला जाऊन उभी राहिली. रांगेतली प्रत्येक बाई घरी जिवंत असल्याचं कळवायला आलेली. तासाभरानं नाशिकला रत्नाकरच्या शेजारी, अण्णासाहेबांकडे, लाइन लागली. रत्नाकर धापा टाकत आला.

"अहो, नूपुरचं नाव का नाही घातलं?" नऊ वर्षं झाली तरी तोंडातून 'अहो'च निघालं, याचाही तिला राग आला.

"हळू बोल, अण्णासाहेब इथेच बसलेत. पोरगी मामाकडे का असते, असं क्लार्कनं विचारलं तर काय सांगू? तू सही कर. मी गेल्यावर तुलाच मिळेल सगळं."

"कसलं मिळेल? तुमच्या भावानं घटस्फोट झाल्याचा एक अर्ज केला की मला नाही आणि पोरीलाही नाही. नसलेली बायको लिहिलीत आणि असलेली मुलगी गाळलीत. मी सही करणार नाही. कोर्टाच्या हुकूमनाम्याची नक्कल थेट तुमच्या कचेरीत पाठवते. त्याआधी तुम्ही सांगा, आणि पोरीचं नाव घाला."

तो पडलेल्या आवाजात म्हणाला, "अगं, निरोप समारंभ ठरलाय. साहेबांच्या मिसेसनी तुझ्यासाठी साडी आणून ठेवलीय."

"ती नूपुरला द्या," शीला म्हणाली. तो आणखी काही बोलणार तोच लाइन तुटली.

वर येऊन तिनं ट्रंकेच्या तळातून हुकूमनामा काढला. नकलेवर भारतीय वकिलातीचा शिक्का हवा, त्यासाठी पासपोर्ट हवा, आणि पासपोर्ट दवाखान्याच्या ताब्यात. लढाईत पासपोर्ट मागितला की पळून चालली म्हणतात, तेव्हा अर्जात कारण लिहावं लागणार, असं शरफुन्निसानं बजावलं. हॉस्टेलमध्ये तिच्याखेरीज कुणालाही शीलाचं घटस्फोटाचं ठाऊक नव्हतं. शीलानं दोन वेळा कागद चुरगळला. तिसऱ्यावर सरळ लिहिलं: घटस्फोटाची कागदपत्रं, मुलीच्या हक्कासाठी.

दुसऱ्या दिवशी शनिवार, शुक्रवारची सुट्टी संपून इथल्या कचेऱ्या उघडणार. सकाळी ड्युटीआधी पर्सोनेल ऑफिसात हा अर्ज देऊन पासपोर्ट घ्यायचा होता.