चूल, पान एकशे सतरा

कटिंग मशिनचं चाक अर्धं फिरलं होतं. मी दारातूनच ओरडले, "थांबा! रशीदभाई, हात काढा तिथून!"

रशीदभाई दचकून मागे सरले. "ऐसा ओरडू नका हो मॅडम. बोट गेलं असतं माझं."

"बोटाचं नंतर बघू. आधी ती पुस्तकं खाली काढा!"

त्यांनी माझ्याकडे वेड लागलेल्या बाईकडे बघावं तसं बघितलं. त्यात त्यांची चूक नव्हती. केस विस्कटलेले, साडीच्या काठाला ग्रीस लागलेलं आणि दोन दिवसांपूर्वी तीच पुस्तकं बाइंडिंगला घेऊन आलेली बाई आता ती परत मागत होती.

चिंचवडच्या एका कंपनीत मी तेव्हा लायब्ररियन होते. सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं. कारखान्यात लायब्ररियन कशाला लागतो, असं लोक मला लग्नाकार्यातसुद्धा विचारायचे. ड्रॉइंग, मशिनची मॅन्युअल्स, परदेशी मासिकं सांभाळायला कुणीतरी लागतंच. शिवाय कामगारांसाठी गोष्टी-कादंबऱ्यांची दोन कपाटं होती. त्यांच्या किल्ल्या माझ्या कमरेला, त्यामुळे तोराही भरपूर.

भोसरीतल्या त्या बाइंडिंगच्या शेडमध्ये सुरीखाली होती ती भिवाजी गुरुजींची पुस्तकं. गुरुजी सांगवीचे. दिवसा खडकीला लष्करी डेपोच्या स्टोअर्समध्ये नोकरी आणि संध्याकाळी वस्तीतल्या पोरांचा वर्ग. शाळेत मास्तर कधीच नव्हते, तरी सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. त्यांचं भाषण असलं की राजगुरुनगरकडून माणसं सायकली हाणत यायची. हा माणूस जेवतानाही वाचतो आणि वाचतानाच जेवतो, अशी त्यांची ख्याती होती. ते वारल्यावर त्यांच्या पत्नी जनाबाईंनी सगळी पुस्तकं आमच्या कंपनीच्या कामगार लायब्ररीला देऊ केली. अट एकच. पुस्तकं पांगवायची नाहीत, एका जागी ठेवायची. मी तिथल्या तिथे हो म्हणून बसले.

आमचे पर्सोनेल मॅनेजर दामलेसाहेब. मूळचे स्टोअर्सचे, त्यामुळे रिकामी जागा दिसली की तिथे काय मावेल याचा विचार आधी.

"स्वतंत्र खोली द्यायची तर एमडींना कारण सांगावं लागेल," ते म्हणाले. "नुसती जुनी पुस्तकं असतील तर आपल्या कपाटांत विषयवार मिसळून टाका."

"सर, जनाबाईंना शब्द दिलाय."

"कुणी?"

"मी."

"मग कारणही तुम्हीच शोधा. संग्रहाच्या उद्घाटनाच्या आधी."

मी कामाला लागले. कॅटलॉगिंग म्हणजे प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड करायचं. लेखक, नाव, कोपऱ्यात विषयाचा आकडा. हे काम पगारी कारकूनही करतो. पण एखाद्या गाजलेल्या वाचकाचा स्वतःचा संग्रह असेल तर एक गोष्ट वाढते. त्यानं पुस्तकात कुठे रेघ मारली, कडेला काय लिहिलं, तेही कार्डावर नोंदायचं. पुस्तक बाजारात कुणालाही मिळतं. रेघा त्याच्या एकट्याच्या असतात.

गुरुजींनी रेघा भरपूर मारल्या होत्या. पण शेजारी मत वगैरे काही नाही. नुसतं "चूल ४४". कुठे "दार ६०". कुठे "खाट २३". मी ठरवून टाकलं की कुठे बसून वाचलं ते लिहिलंय आणि आकडा म्हणजे तिथवर वाचून झालं. तसं कार्डांवर नोंदवायलाही लागले. मग एक ऐंशी पानांचं पातळ पुस्तक हातात आलं आणि त्यात निघालं "चूल ११७". ऐंशी पानांच्या पुस्तकात एकशे सतरावं पान आणायचं कुठून? ते पुस्तक मी पर्समध्ये टाकलं आणि बसमध्ये, घरी, कुकरच्या शिट्ट्या मोजताना काढून बघत राहिले. डोकं भणभणायचं, पण काही उलगडेना.

तोवर उद्घाटन जवळ आलं. पुण्याहून मोठे पाहुणे येणार होते. पुस्तकांची अवस्था बघून दामलेसाहेबांनी नाक मुरडलं. किती तरी पुस्तकांच्या कडा काळ्याकुट्ट होत्या. जनाबाईंचाही निरोप आला, "काळी पुस्तकं लोकांपुढं मांडू नगा, मला लाज वाटंल." मग काळी, फाटकी, कसर लागलेली, सगळी एका पोत्यात भरून रशीदभाईंकडे गेली. मरून रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं. बाइंडर पुस्तक शिवून झालं की मशिनमध्ये दाबतो आणि तिन्ही बाजूंनी बोटभर कापतो, म्हणजे कडा पांढऱ्याशुभ्र निघतात. कडेला लिखाण असेल ते पुस्तक कापू नका, एवढं मी बजावलं होतं. बाकी मळ गेला तर बरंच, असं माझंही मत होतं.

दोन दिवसांनी मी आमंत्रण द्यायला सांगवीला गेले. जनाबाईंनी मला आतच बसवलं आणि चहा टाकला. चुलीच्या वर एक फळी होती. मागची भिंत धुरानं काळी झालेली. पण फळीच्या वरचा एक पट्टा मात्र तसाच पांढरा राहिला होता. त्याची वरची कड वेडीवाकडी, खालीवर होणारी.

"इथं काय होतं हो?" मी विचारलं.

"पुस्तकं! दुसरं काय असनार ह्या घरात? दारावर पुस्तकं, खाटंखाली पुस्तकं. हितं नगा ठिवू, धूर लागतूया, किती येळा सांगितलं. पन ऐकतंय कोन?"

मी कप खाली ठेवला. म्हणजे ठेवला असं मला वाटलं, अर्धा चहा बशीत सांडला होता. चूल, दार, खाट! गुरुजींनी कुठे बसून वाचलं ते लिहिलंच नव्हतं. दुसरं पुस्तक कुठे ठेवलंय ते लिहिलं होतं. ह्या ओळीशी ताडून बघायचं असेल तर चुलीवरचं पुस्तक काढ, अमुक पान उघड. कुठलं पुस्तक, ते त्यांना पाठच असणार. आमच्या धंद्यात कार्डावर "हेही पाहा" असं लिहितात, तेच हे. सबंध घरभर पसरलेलं! ही सुटी पुस्तकं नव्हतीच. त्या माणसानं ती सगळी एकमेकांना बांधून ठेवली होती.

आणि लगेच दुसरा विचार आला. पुस्तकं घरातून हलवताना आम्ही सगळी एकत्र केली होती. आता चुलीवरचं पुस्तक ओळखायचं कशावरून? काळ्या कडांवरून. आणि त्या कडा रशीदभाई आत्ता कापत बसले होते.

"जनाबाई, मला भोसरीला जायचंय. आत्ताच्या आत्ता!"

"का वो? च्या तरी प्या की."

"पुस्तकं कापतायत तिथं!"

पुढचं त्यांनी विचारलं नाही. दारात जाऊन हाक मारली, "आरं किसन, शिफ्टला निघालास न्हवं? मॅडमला भोसरीत सोड. बिगीनं!"

किसन शेजारचा फिटर. त्याची राजदूत आधी सुरू होईना आणि सुरू झाली तेव्हा थांबेना. मी जन्मात पहिल्यांदा मोटरसायकलवर बसले, एका बाजूला, पर्स पोटाशी धरून. वाटेत दोनदा तो म्हणाला, "मॅडम, घट धरा." मी त्याला म्हटलं, "तू नुसता पळव."

म्हणून मी त्या शेडच्या दारात तशा अवतारात उभी होते. काही पुस्तकं कापून झाली होती. काळ्या पट्ट्यांचा ढीग जमिनीवर पडला होता. मी शेजारच्या वर्कशॉपमधून दामलेसाहेबांना फोन केला. ते जीप घेऊन आले आणि उतरायच्या आधीच सुरू झाले.

"अहो बाई, पाहुण्यांना काय काळी पुस्तकं दाखवायची? काय झालंय काय तुम्हाला?"

"सर, पाच मिनिटं द्या. चुकले तर उद्या तुमच्या हातानं मिसळा सगळी."

पर्समधलं पातळ पुस्तक काढलं. कुणा गृहस्थांनी जुन्या गावाचं कौतुक केलेलं. बाराव्या पानावर लिहिलं होतं की गावच्या विहिरीचं पाणी सर्वांसाठी होतं. त्याखाली रेघ आणि कडेला "चूल ११७". मग मी न कापलेली काळी पुस्तकं जमिनीवर मांडली आणि एकेकाचं एकशे सतरावं पान उघडू लागले. पहिलं निघालं मधमाशांचं. दुसऱ्याला तेवढी पानंच नव्हती. तिसऱ्यात काहीच खूण नाही. रशीदभाईही उकिडवे बसून पानं उलटू लागले.

"मॅडम, ये देखो," ते म्हणाले. "रेघ हाय इथं."

विहिरींच्या पाहणीचा जुना सरकारी अहवाल होता. पान एकशे सतरा. कुठल्या विहिरीवर कुठल्या वस्तीला पाणी भरू देत नाहीत, त्याचं वर्णन. एका वाक्याखाली गुरुजींची रेघ आणि आतल्या बाजूला, शिवणीजवळ बारीक अक्षरात, "दार १२".

मी पातळ पुस्तक उलटं करून दाखवलं. दारावरच्या उन्हानं त्याचं कव्हर पार विटलं होतं.

दामलेसाहेबांनी दोन्ही पुस्तकं हातात घेतली. इकडून तिकडे, तिकडून इकडे दोनदा ताडून बघितलं. मग एकदम ओरडले, माझ्यापेक्षा मोठ्यानं.

"अहो, हे बिन लोकेशन आहे!"

"म्हणजे?"

"स्टोअर्समध्ये प्रत्येक मालाला रॅक आणि त्यातला बिन, म्हणजे खण, ठरलेला असतो. हा बोल्ट कुठे, तर अमुक रॅक, तमुक बिन. डेपोत होते ना गुरुजी? घराचं स्टोअर्स केलं होतं या माणसानं! आणि रॅक हलवला तर..."

"तर एकही नोंद लागणार नाही," मी म्हटलं. "मिसळली तर सगळं संपलं, सर."

"मिसळतोय कोण!" ते माझ्यावरच डाफरले. "खोली मिळेल. एमडींशी मी बोलतो."

"तो फिर, काटू की नको?" रशीदभाईंनी विचारलं.

"हात लावू नका!" आम्ही दोघं एकदमच बोललो.

त्यानंतरचे दिवस मी हवेतच होते. काळ्या कडा म्हणजे चूल. विटलेले पुठ्ठे म्हणजे दार. ओल आणि कसर म्हणजे खाटेखालचं. कापून झालेल्या पुस्तकांना काळ्या कडा उरल्या नव्हत्या, म्हणून ती उघडून वास घेतला. धूर आतपर्यंत मुरला होता. एकेक नोंद जुळली की मी टेबलावर थाप मारायचे आणि बाहेरून शिपाई डोकावून जायचा. तीन कपाटं केली. वर पाट्या लावल्या: चूल, दार, खाट.

उद्घाटनाला जनाबाई पांढरी साडी नेसून आल्या. मेणबत्ती लावली, बुद्धवंदना झाली आणि त्यांनी कपाटाकडे बघितलं. चेहरा पडला.

"मॅडम, काळीच ठिवली व्हय?"

मी त्यांना कपाटापाशी नेलं. विहिरीचा अहवाल आणि पातळ पुस्तक, दोन्ही उघडून सगळं समजावून सांगितलं. हा धूर नसता तर मला काहीच कळलं नसतं, पुस्तकं कधीच विखुरली असती, हेही सांगितलं. त्यांनी काळ्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत राहिल्या. मग दामलेसाहेबांकडे वळल्या. हॉल भरलेला होता, पाहुणे समोर बसले होते. त्यांनी आवाज बारीक केला नाही.

"सायेब, ह्यो धूर माज्या भाकरीचा हाय. आन् भाईर पाटीवर त्यांचं एकट्याचंच नाव लिवलंय."

दामलेसाहेबांनी पेंटरला बोलावून घेतलं आणि पाहुण्यांचं भाषण चालू असतानाच बाहेर ब्रश चालू झाला. "भिवाजी गुरुजी व जनाबाई संग्रह" ही पाटी मी रिटायर झाले तेव्हाही तिथेच होती.

पुढे माझ्या हाताखाली नवी मुलं-मुली आली. कुणाच्या घरून पुस्तकं आली की ती आधी फडकं शोधायची. मी फडकं काढून घ्यायचे आणि म्हणायचे, आधी वास घ्या.