दोन दारांमधला राखणदार

मी गाऱ्हाणं झकास घालतो. हे मी नाही, विक्रोळीची आमची अख्खी चाळ म्हणते. पूजा असो, नवी रिक्षा असो, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलेलं असो, देवापुढे नारळ ठेवून खणखणीत आवाजात "बा देवा म्हाराजा" म्हणायला मलाच बोलावतात. मागून मंडळींनी "होय म्हाराजा" असा सूर लावला की माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं. पण खरं सांगू? मला त्यातलं नाटकच जास्त आवडायचं. ज्याला हाक मारतोय तो ऐकतो का, याची मी कधी चौकशी केली नव्हती. आई सांगायची, आमच्या गावच्या शिवेवर राखणदार असतो, खांद्यावर कांबळं टाकून, घुंगराची काठी आपटत फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो. फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून दरवर्षी नव्या ठेवायच्या. मी विचारायचो, "आये, सात नंबर की आठ नंबर?" ती म्हणायची, "मेल्या, एक दिवस तूच माप घेशीत."

गेल्या वर्षी आईच्या छातीत कफ साठला आणि तिला आमच्या उपनगरातल्या एका सार्वजनिक रुग्णालयात ठेवलं. दुपारी तिला श्वास घेता येईना. वॉर्डातल्या डॉक्टरांनी सांगितलं, आयसीयूत हलवा, आत्ताच. आयसीयू त्याच मजल्यावर होतं, खाटही रिकामी होती. फक्त एक गंमत होती. इमारत सरकारी, वॉर्ड सरकारी, पण आयसीयू चालवायला एका कंपनीला दिलेलं. मध्ये एक लांबलचक पॅसेज, दोन्ही टोकांना एकेक दार. वॉर्डाच्या सिस्टरने आईला ट्रॉलीवर घातलं, उशाशी ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर ठेवला, पॅसेजमध्ये ढकललं आणि म्हणाली, "आमच्याकडून त्या सुटल्या, काका." पलीकडच्या दारावरचा गार्ड म्हणाला, "वरून फोन आल्याशिवाय आत घेता येत नाही." मी वळून वॉर्डाचं दार ठोठावलं, तर तिथे आईच्या खाटेवर दुसरी बाई झोपलेली. फोन कोण करणार? कंपनीच्या साहेबांना रुग्णालयाचा हुकूम हवा होता, आणि हुकूम देणारे अधीक्षक बैठकीत होते. बैठक कसली, विचारा. दोन्ही विभागांमधल्या समन्वयाची!

एरवी हा किस्सा मी चाळीत हावभावांसकट रंगवला असता. पण सिलिंडरचा काटा लाल रेषेला टेकला होता. भर दुपारी त्या पॅसेजमध्ये असली शांतता पसरली होती की बाहेरच्या हायवेचा आवाजसुद्धा कुणीतरी पुसून टाकल्यासारखा वाटत होता. आईने मास्क बाजूला केला. ओठ निळसर पडले होते. म्हणाली, "शीव इली रे. गाऱ्हाणा घाल."

मला वाटलं, भ्रम झाला; इथे कुठली गावची शीव आली? मग खाली पाहिलं. वॉर्डाच्या पिवळ्या लाद्या तिथे संपत होत्या, आयसीयूच्या पांढऱ्या लाद्या पुढे सुरू होत होत्या, आणि मध्ये उघड्या सिमेंटचा एक पट्टा होता. ट्रॉलीची चाकं बरोबर त्या पट्ट्यावर उभी होती.

मी हात जोडले. नारळ नाही, मंडळी नाहीत. "बा शिवेच्या राखणदारा म्हाराजा! ही तुझी लेक दोन दारांच्या मधी अडाकली हा. हे म्हणतत ती तेंची, ते म्हणतत ती हेंची. तर ती कोणाचीच नाय, असा होवंक दिव नको रे म्हाराजा!" जन्मात पहिल्यांदा माझा खणखणीत आवाज चिरकला.

आणि मागून उत्तर आलं, "होय म्हाराजा."

पॅसेज रिकामा होता, हे मी शपथेवर सांगतो. आता तिथे एक उंच माणूस उभा होता. कांबळं, काठी, विडीचा वास. कुणा पेशंटचा गाववाला असेल असं मला वाटलं. "हात लाव," तो म्हणाला. आम्ही ट्रॉली ढकलली. त्याच्या काठीचे घुंगरू वाजत होते, त्याची पावलं मात्र वाजत नव्हती. कार्डाशिवाय न उघडणारं ते दार उघडलं आणि गार्ड मोठ्या साहेबासमोर उठतात तसा ताडकन उठून उभा राहिला. आतली तरुण डॉक्टर धावत आली. "आणा, आणा, या आजींसाठीच फोन आला होता." आभार मानायला मी वळलो, तर मागे कुणी नव्हतं आणि वॉर्डाचं दार बंद होतं.

आई वाचली. फोन कुणी केला ते मी नंतर विचारत फिरलो. डॉक्टर म्हणाली, मेट्रनचा होता. मेट्रन म्हणाल्या, कंपनीच्या साहेबांचा. साहेब म्हणाले, खुद्द अधीक्षकांचा. अधीक्षक म्हणाले, "अहो, बैठकीत माझा फोन बंद असतो." जबाबदारी एकमेकांवर ढकलताना मी त्यांना पाहिलं होतं, आता पुण्यही तसंच ढकलत होते. गार्डने मात्र मलाच विचारलं, "काका, तुमच्याबरोबरचे साहेब कोण होते? चेहरा बघायचा राहिला. मान आपोआप खाली गेली."

घरी आल्यावर आईने पहिलं फर्मान सोडलं, "वहाणा घे." चांभाराने माप विचारलं तेव्हा मला तिचे शब्द आठवले आणि हसूच फुटलं. सगळ्यांत मोठ्या घेतल्या आणि पॅसेजच्या खिडकीत ठेवून आलो. आईला पुन्हा तपासायला नेलं तेव्हा पाहतो तर दोन्हींच्या टाचा झिजून पातळ झालेल्या. मी गार्डला म्हटलं, "काय रे, कोण घालतं?"

"कोणी नाही, काका. एवढा मोठा पाय इथे आहे कुणाचा? रोज जागच्या जागीच असतात." मग हळूच म्हणाला, "फक्त सकाळी हात लावला तर वहाणांचे तळ गरम लागतात."

ती जोडी घरी आणली, देव्हाऱ्याखाली ठेवली आणि तिथे नवी ठेवून आलो. त्या समन्वयाच्या बैठकीचं काय झालं ते मला ठाऊक नाही. ती नीट व्हायला हवी. देवाने तरी किती ट्रॉल्या ढकलायच्या? मी अजून गाऱ्हाणं घालतो, आवाजही तोच आहे. पण "होय म्हाराजा" झालं की हल्ली मी मिरवत नाही, मान खाली घालून उभा राहतो आणि ऐकतो. माझ्या हातात हाक मारणं तेवढं आहे, पुढचं त्याच्याकडे सोपवलंय. आणि कधीकधी, सगळ्यांचा सूर थांबल्यावर, मागून एक आवाज जरा उशिरा येतो.