नकाशातली फेरीबोट

सायकलवाल्यांच्या टोळीत सगळ्यात मागे असणं म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन की त्याला चहा कधी बसून मिळत नाही. पुढचे लोक आधी पोचतात. टपरीच्या बाकावर पाय पसरतात, चहा घेतात, उंडो-भाजी खातात, घाम वाळवतात. आपण धापा टाकत पोचतो तोवर ते ताजेतवाने झालेले असतात आणि "आयलो रे निमाणो!", म्हणजे आला एकदाचा शेवटचा, म्हणत उठतात. वर आपल्यासाठी थांबल्याचा उपकार. मी दोन वर्षं असा चहा प्यालो, एक हात हँडलवर, दुसऱ्या हातात ग्लास आणि जीभ भाजलेली.

गोवा नुकतंच राज्य झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. मी पलीकडचा, सावंतवाडीच्या बाजूचा. डिचोलीजवळच्या एका खाणीच्या कचेरीत नकाशे काढायच्या कामावर लागलो होतो. राहायला नार्व्याला, नदीकाठच्या एका शेतकऱ्याच्या घरातली खोली. सोमवार ते शनिवार खोली, सायकल, कचेरी आणि परत खोली. माणसं वाईट नव्हती, पण माझं म्हणावं असं तिथे कुणी नव्हतं. रविवारी पहाटे टोळीबरोबर निघालो की मला बरं वाटायचं. ती टोळी सुटली असती तर माझा रविवारही सोमवारासारखाच गेला असता. मला ती सुटू द्यायची नव्हती. पण हे तेव्हा मी कुणापाशी कबूल केलं नसतं, कारण मला कुणाची कीव चालत नाही. अजूनही चालत नाही.

आम्ही सहा जण होतो. कचेरीतले तीन कारकून, ते जेवणखाण, हसणं, भांडणं सगळं तिघांत मिळून करायचे. स्टोअर सांभाळणारे भाऊ पेडण्याचे, पन्नाशी उलटलेले, तरीही माझ्या पुढेच. आणि वर्कशॉपमधला फिटर, डिचोलीचाच. त्या दिवसांत कोकणी की मराठी यावरून घराघरांत वाद पेटायचे आणि आमच्यातही दोन्ही बाजूंचे लोक होते. पण सायकलवर वाद घालायला दम लागतो, आणि ज्याच्याकडे तो होता तो फिटर मुळात बोलतच नसे.

हा फिटर माझा खरा वैरी. काटकुळा माणूस, नखांत कायमची खनिजाची लाल माती, सायकल आमच्यासारखीच काळी आणि जड, पण वाऱ्यासारखा सुटायचा. मागून कितीही हाका मारा, मान वळवायचा नाही. "जरा थांब रे," असं मी दोन वर्षांत एकदाच ओरडलो. तो थांबला नाही, आणि मी पुन्हा कधी ओरडलो नाही. माणसाने एकदाच लाज घालवावी. एकदा त्याने आपणहून माझी सायकल वर्कशॉपमध्ये नेली, चेन धुतली, बेअरिंग बदललं, चाकं सरळ केली. सायकल लोण्यासारखी पळू लागली. मी मात्र होतो तिथेच राहिलो आणि वर माझी सबबही गेली. तेव्हापासून त्याच्यावरचा माझा राग दुप्पट झाला.

निघण्याआधी भाऊ गाऱ्हाणं घालायचे. डिचोली सोडताना वाटेवर राखणदाराचं लहानसं ठिकाण होतं. तिथे ते पान-सुपारी ठेवत आणि हात जोडून म्हणत, "बा म्हाराजा, ही तुजी सा लेकरां आज भायर पडली असत. सा जातत, साच्या सा घराक परत हाड रे म्हाराजा!" सहा जातात, सहाच्या सहा परत आण, एवढंच ते मागणं. आणि आम्ही सायकली धरून म्हणायचो, "व्हय म्हाराजा!" फिटर हे नेहमी एक क्षण उशिराने म्हणायचा. मला वाटायचं, मनात नसेल त्याच्या.

आता माझी लबाडी सांगतो. नकाशे काढणारा म्हणून वाट ठरवायचं काम माझ्याकडे होतं. शनिवारी मी एका कागदावर पेन्सिलीने रस्ते, देवळं, चढ, चहाची ठिकाणं काढून द्यायचो. हळूहळू माझ्या ध्यानात आलं की फेरीबोट ही एकच जागा अशी आहे जिथे फिटरही माझ्या पुढे जाऊ शकत नाही. तो धक्क्यावर कितीही आधी पोचू दे, बोट पलीकडून यायची तेव्हाच येणार. तोवर मी पोचायचो. मग बोटीवर सायकली कठड्याला टेकवून आम्ही सहाही जण एकमेकांसमोर बसायचो. इंजिनाच्या धडधडीत सगळे ओरडून बोलायचे, फिटरसुद्धा बोलायचा, कधीकधी खो खो हसायचा. पाच-दहा मिनिटांचंच ते सुख, पण माझा रविवार त्यातच होता.

मग काय, मी जमेल तिथे फेरी घालू लागलो. एकदा तर म्हापशाला जायला मी सगळ्यांना नार्व्याहून फेरीने दिवाडी बेटावर नेलं, दिवाडीतून दुसऱ्या फेरीने जुन्या गोव्याला आणि पणजीवरून उलटं म्हापशाला. सरळ रस्ता सोडून हा एवढा वळसा कशाला, असं कुणी विचारलं नाही. "वाटेत देवळं चांगली आहेत," मी आपणहूनच म्हणालो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

त्यानंतर मी पेडण्याची वाट काढली. भाऊंच्या तालुक्यात जायचं म्हणून ते खूश होते आणि मी तर जास्तच, कारण त्या वाटेवर दोन फेऱ्या होत्या. शिवोलीला एक, आणि चोपडे, मांद्रे, हरमल करत केरीला पोचलं की तेरेखोलला जाणारी दुसरी. केरीची फेरी ओहोटी लागली की वाळूमुळे बंद ठेवतात, हे भाऊंनी आधीच सांगितलं होतं. मी म्हटलं, ते माझ्यावर सोडा. नार्व्याचा माझा घरमालक तिथीवरून भरती-ओहोटी सांगायचा, आणि दोन वर्षांत मीही त्यात तयार झालो होतो. रविवारी पंचमी होती. मी बोटांवर मोजलं आणि कागदावर लिहिलं, "केरी, सव्वा दहापर्यंत फेरी चालू." खाली ऐटीत रेघही मारली.

पहाटे पाचला राखणदाराला गाऱ्हाणं घालून निघालो. शिवोलीपर्यंत नेहमीसारखाच मी मागे पडलो आणि धक्क्यावर त्यांना गाठलं. बोटीवर फिटरने मला केळं दिलं. चोपड्याला उतरल्यावर ते पाच जण दिसेनासे झाले. मी मांद्र्याच्या माडांतून आपल्या गतीने चाललो होतो. घाई नव्हती, कारण सव्वा दहा माझ्या खिशात होते. रस्त्यात एका पोदेराची सायकल घंटी वाजवत मला मागे टाकून गेली, मागे पावांची भली मोठी टोपली घेऊन, तरीही मला वाईट वाटलं नाही. हरमलचा चढ मी उतरून ढकलत चढलो.

केरीच्या धक्क्यावर साडेनऊला पोचलो आणि पाहिलं, तर बोट पलीकडे तेरेखोलच्या काठाला गप्प उभी होती. मधे पाणी कमी आणि वाळू जास्त. पलीकडे आमची माणसं हात हलवत होती. भाऊंची पांढरी टोपी मी इतक्या लांबूनही ओळखली.

अलीकडच्या धक्क्यावर फेरीचा एक खलाशी बिडी ओढत बसला होता. मी कागद पुढे करून त्याला सव्वा दहा दाखवले. त्याने कागदाकडे पाहिलंही नाही. "खंयचो रे तूं?" म्हणाला. मी नार्वे म्हटल्यावर तो मोठ्याने हसला. "अरे, नार्व्याक पावता म्हणसर उदकाक दीड वर लागता. हांगा दर्याचें तोंड. न्हंयचें गणीत दर्याक लागना!"

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. पाणी समुद्रातून नदीत शिरून नार्व्यापर्यंत चढायला दीड तास घेतं, हे मला ठाऊक होतं. घरमालकाने शिकवलं ते नार्व्याचं गणित होतं. तेच मी जसंच्या तसं समुद्राच्या तोंडावर आणून ठेवलं होतं. सगळ्यांबरोबर बसायला मिळावं म्हणून घातलेल्या फेरीनेच मला एकट्याला अलीकडे ठेवलं. हे आपल्याला बरोबर झालं, असं मला अगदी स्वच्छ वाटलं. त्याच वेळी रडूही आलं.

"बस," मागून कुणीतरी म्हणालं.

सुरूच्या झाडाखाली टपरी होती आणि तिच्या बाकावर फिटर बसला होता. पलीकडे चारच जण आहेत, हे मी मोजलंच नव्हतं.

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. "तू कित्याक रवलंस?" मी विचारलं. "माझी कीव इली काय?"

त्याने हात कानामागे धरला. "मोट्यान उलय," तो म्हणाला. मी पुन्हा विचारलं, तर तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. वर्कशॉपमधल्या यंत्रांत बारा वर्षं काढून त्याचे कान गेले होते. पूर्ण नाही, पण पाठीमागून मारलेली हाक त्याला मुळीच कळायची नाही. वर्कशॉपमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं, कारण दोन वर्षांत मी त्याला काही विचारलंच नव्हतं.

मी तिसऱ्यांदा, त्याच्यासमोर उभा राहून ओरडलो, "कित्याक रवलंस?"

"भाऊन स जाणांचें गाराणें घातलां," तो शांतपणे म्हणाला. "तूं एकटो हांगा रावल्यार एक उणो जाता. दोग रावल्यार कोणूच उणो ना. चार थंय, दोन हांगा."

पुढे टपरीवाल्याने सांगितलं की हा बोटीवर चढला होता. ही शेवटची, आता पाणी भरेपर्यंत बोट नाही, असं खलाशाने सांगितलं तसा हा सायकल उचलून परत उतरला. भाऊंना काय झालं ते कळेपर्यंत बोट सुटली होती.

मी बसलो. दोन चहा आले. मी ग्लास दोन्ही हातांत धरला आणि अगदी हळूहळू प्यालो. ती पहिलीच वेळ. मग आम्ही दोन-अडीच तास तिथेच होतो. मी वाळूवर काटकीने नार्वे, डिचोली, केरी काढून त्याला नकाशा कसा वाचतात ते दाखवलं. त्याने मला सांगितलं की टोळीत गप्पा चालतात तेव्हा समोर बसून कुणी ओरडल्याशिवाय कोण काय बोलतंय ते त्याला कळत नाही, चुकीच्या जागी हसलं तर फजिती होते, म्हणून तो पुढे निघून जातो. पुढे कुणी नसतं, तिथे काही ऐकावं लागत नाही. मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली. मोठ्याने मागायला हवी होती.

पाणी चढल्यावर पहिल्या बोटीने ते चौघे परत आले. तेरेखोलचा किल्ला त्यांनी पाहिला, आम्ही नाही. कारकुनांनी मला सव्वा दहावरून यथेच्छ धुतलं. ते त्यांचं हक्काचंच होतं. पण सकाळी फिटर एकटा मागे राहिला, भाऊंचं गाऱ्हाणं मोडता मोडता राहिलं, आणि हे सगळं माझ्या लबाडीपायी, हे काही माझ्या मनातून जाईना. घरी पोचेपर्यंत मी ठरवलं होतं. पुढच्या रविवारपासून आपण जायचं नाही. वाट तेवढी नीट काढून द्यायची, आणि कामाचं निमित्त सांगायचं.

शनिवारी मी नवा कागद काढला. डिचोलीहून साळ, तिथून दोडामार्ग, सरळ रस्ता, एकही फेरी नाही. पाच वेगवान माणसांनी मोकळेपणाने पळावं अशी वाट. जेवणाच्या सुट्टीत तो मी वर्कशॉपमध्ये नेऊन फिटरच्या हातात दिला आणि वळलो.

त्याने हाताचं ग्रीस पुसलं, कागद उजेडाकडे धरला, आणि केरीच्या वाळूवर शिकवल्याप्रमाणे बोट फिरवत फिरवत शेवटपर्यंत गेला. मग पुन्हा पहिल्यापासून.

"फेरी खंय?" त्याने विचारलं.

"ना," मी त्याच्यासमोर येऊन मोठ्याने म्हटलं. "ह्या वाटेर फेरी लागणा नाय."

"म्हापशें वचपाकूय लागना," तो म्हणाला. म्हापशाला जायलाही फेरी लागत नाही. म्हणजे त्याला पहिल्यापासून कळलं होतं. मी मान खाली घातली. त्याने कागद माझ्या हातात परत दिला, माझ्याच खिशाला लावलेली पेन्सिल काढून त्यावर ठेवली, आणि यंत्रांच्या त्या गोंगाटात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याने ओरडला,

"फेरी ना जाल्यार आमी बसतले खंय?"